नाडगांव ते राष्ट्रपतिभवन

अमेरिकेच्या कित्येक अध्यक्षांचा जन्म लाकडी ओंडक्यांच्या झोपडींत झाला, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं शाळेच्या पुस्तकांत वाचली असेल. अब्राहाम लिंकन हे १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं केंटकी प्रांतांत अशाच एका खोलीच्या झोपडींत जन्मले; त्यांच्या साऱ्या आयुष्यांतील शाळेचे दिवस एकत्र मोजले तर एक वर्षही भरत नाहीं. त्यांच्या पूर्वींचे अँड्र्यू जॅक्सन हे १७६७ सालीं कॅरोलिनाच्या सरहद्दीवरील वस्तींत जन्मले आणि १८२९ सालीं अध्यक्ष झाले. पुढें ह्या झोपडीची इतकी वाखाणणी होऊं लागली कीं, १८४० सालच्या निवडणुकींत विल्यम हेन्री हॅरिसन ह्यांच्या पक्षानें झोपडी हेंच आपलें निशाण केलें. वस्तुतः हॅरिसन हे व्हर्जिनियांतील एका बड्या जमीनदाराच्या पक्क्या वाड्यांत जन्मले होते! तेव्हां थोरामोठ्यांचें चरित्र वाचावयास घेतांना झोपडीपाशींच थांबूं नये. घरांतून निघालेली वाट कोणत्या गांवांवरून गेली, मध्यें कोणी हात दिला, आणि मुक्कामास पोंचल्यावर त्या मनुष्याच्या हातून काय झालें, हें पाहावें.

ह्याच रीतीनें आज आम्ही आपल्या खानदेशांतील एका चरित्राचा अभ्यास करूं इच्छितों. श्रीमती प्रतिभाताई पाटील ह्या २५ जुलै २००७ रोजीं भारताच्या राष्ट्रपति झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्याच स्त्री होत.

उपदेशकबंधूंनीं हा पाठ मंडळींत वाचून दाखवितांना शक्य तर जिल्ह्याचा नकाशा भिंतीस लावावा. पूर्वीं सबंध खानदेशाचा एकच जिल्हा असून त्याचें मुख्य ठाणें धुळें होतें. १९०६ सालीं त्याचे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशाचें ठाणें धुळ्यासच राहिलें, पूर्व खानदेशाचें जळगांव झालें. ह्या पूर्व भागाच्या अगदीं टोंकास, भुसावळाहून नागपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बोदवड लागतें. हल्लींच्या बोदवड तालुक्यांतील नाडगांव हें प्रतिभाताईंचें जन्मगांव. १९ डिसेंबर १९३४ रोजीं त्या येथें जन्मल्या, त्या काळीं पूर्वेस मलकापुराकडे गेलें कीं मुंबई इलाखा संपून वऱ्हाड लागे. उत्तरेस बऱ्हाणपुराकडे गेलें कीं मध्यप्रांत लागे. अमेरिकेंतील सरहद्द म्हणजे नांगर न लागलेलें रान. ही आपली सरहद्द निराळी. येथें काळी कसदार जमीन, तापी व पूर्णा ह्यांचा संगम, आणि पिढ्यान् पिढ्या वसलेलीं गांवें. परंतु इलाख्याच्या राजधानीपासून दूर, कडेला पडलेला मुलूख एवढ्या अर्थानें ती सरहद्दच होती.

प्रतिभाताईंचें घर गरीब नव्हतें, हें येथेंच सांगून टाकतों. वडील नारायणराव पाटील हे जळगांवीं सरकारी वकील होते. लिंकनसारखी कुऱ्हाड हातीं घेऊन दिवस काढण्याची पाळी ह्या मुलीवर आली नाहीं. मग अडचण ती कोणती? अडचण एवढीच कीं, ती मुलगी होती. स्वराज्य मिळाल्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे १९५१ च्या, खानेसुमारींत सबंध देशांत लिहितां वाचतां येणाऱ्या स्त्रिया शंभरांत नऊ देखील नव्हत्या. खुद्द जळगांवचेंच उदाहरण घ्या. ज्या वर्षांत प्रतिभाताई त्या शहरांत शाळेस जात होत्या, त्याच वर्षांत तेथें बहिणाबाई चौधरी राहत होत्या. असोद्यास १८८० सालीं जन्मलेली ही शेतकरीण घरोट ओढतां ओढतां ओव्या रची. पण तिला अक्षरओळख नव्हती. तिचीं गाणीं दुसऱ्यांनीं उतरून घेतलीं म्हणून राहिलीं, आणि त्यांचें पुस्तक १९५२ सालीं, तिच्या मृत्यूनंतर, छापून निघालें. एकाच गांवांत एकीची बुद्धि दुसऱ्याच्या लेखणीची वाट पाहत राहिली व दुसरीच्या हातीं लेखणी आली. ह्यांत बुद्धीचा फरक आम्हांस दिसत नाहीं. एकीस शाळेंत धाडणारें कोणी नव्हतें, दुसरीस होतें.

प्रतिभाताईंचें शालेय शिक्षण जळगांवच्या आर. आर. विद्यालयांत झालें. नंतर त्या तेथील मूळजी जेठा कॉलेजांत गेल्या. तें कॉलेज निघून त्या वेळीं फार वर्षें झालीं नव्हतीं. तें नसतें तर मुलीस उच्च शिक्षणासाठीं पुण्यास किंवा मुंबईस ठेवावें लागलें असतें, आणि त्या काळच्या किती आईबापांनीं तसें केलें असतें, ह्याचा वाचकांनींच विचार करावा. गांवाजवळ निघालेली शाळा मुलांपेक्षां मुलींस अधिक उपयोगी पडते, ती अशी. कॉलेजांत त्या टेबलटेनिसच्या खेळांत पुढें होत्या व सामन्यांत बक्षिसें मिळवीत. राज्यशास्त्र व अर्थशास्त्र हे विषय घेऊन त्या एम्. ए. झाल्या, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजांतून कायद्याची पदवी त्यांनीं घेतली, आणि जळगांवच्या जिल्हा न्यायालयांत वकिली सुरू केली.

लिंकन ह्यांनींही वकिलीचीच सनद घेतली होती, १८३६ सालीं. आणि तेही प्रथम आपल्या प्रांताच्या विधिमंडळांतच गेले. सरहद्दीवरच्या मुलखांत वकील हा लोकांच्या भांडणांचा, कर्जांचा व शिवेच्या तंट्यांचा जाणता होतो. मतें मागावयास जावें तों लोक त्यास ओळखत असतात. ह्यापुढें मात्र दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. लिंकन १८३२ सालीं पहिलीच निवडणूक हरले, १८३४ सालीं निवडून आले, आणि पुढें सिनेटच्या जागेसाठीं दोनदां अपयशी ठरले. प्रतिभाताई विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या एकाही निवडणुकींत हरल्या नाहींत.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजीं स्थापन झालें. त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकींत, १९६२ सालीं, काँग्रेसच्या तिकिटावर त्या जळगांवांतून विधानसभेवर गेल्या. वय अवघें सत्तावीस. त्याच वर्षीं चीनशीं युद्ध झालें, तेव्हां जळगांव जिल्ह्यांत स्त्रियांचें होमगार्ड दल त्यांनीं उभें केलें. ७ जुलै १९६५ रोजीं अमरावतीचे प्राध्यापक देवीसिंह शेखावत ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. लग्न झालें कीं स्त्रीचें सार्वजनिक काम संपलें, असें तेव्हां सर्रास मानीत. येथें तसें झालें नाहीं. १९६७ सालीं त्या आपल्या जन्मगांवाच्या बाजूस वळल्या आणि एदलाबाद मतदारसंघांतून उभ्या राहिल्या. संत मुक्ताबाईंच्या नांवावरून ह्याच गांवास आतां मुक्ताईनगर म्हणतात. १९६७, १९७२, १९७८ व १९८० अशा चार वेळां ह्या लोकांनीं त्यांस निवडून दिलें.

हा एदलाबादचा काळ आमच्या मतें ह्या चरित्राचा गाभा होय. राष्ट्रपति म्हणून त्यांचीं छायाचित्रें घरोघर पोंचलीं. परंतु राज्यकारभार त्या शिकल्या तो ह्या अठरा वर्षांत. १९६७ पासून वसंतराव नाईक ह्यांच्या मंत्रिमंडळांत त्या उपमंत्री होत्या, १९७२ पासून मंत्री. सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, घरबांधणी, समाजकल्याण, पुनर्वसन, शिक्षण, नागरी पुरवठा अशीं खातीं त्यांच्याकडे वेळोवेळीं होतीं. हीं खातीं मोठ्या मानाचीं समजलीं जात नाहींत. अर्थ, गृह, महसूल ह्यांवर पुरुष मंत्र्यांचा डोळा असे, आणि स्त्रीच्या वांट्यास दवाखाना, दारू व अनाथ मुलें येत. पण खेड्यांतील घराचा सरकारशीं संबंध येतो तो बहुधा ह्याच खात्यांच्या दारीं.

१९७८ सालीं महाराष्ट्रांत काँग्रेस दुभंगली व शरद पवार ह्यांचें सरकार आलें. प्रतिभाताई इंदिरा गांधींच्या बाजूस राहिल्या, आणि जुलै १९७९ पासून फेब्रुवारी १९८० पर्यंत विधानसभेंत विरोधी पक्षनेत्या होत्या. पक्षाचा पडता काळ असतांना त्यांनीं जागा सोडली नाहीं. ही निष्ठा पुढें त्यांच्या फार उपयोगीं पडली, असें म्हणणारे आहेत. आम्हांसही तें खरें वाटतें. तथापि ज्या पक्षास सत्ता मिळाली त्यानें त्यांस मुख्यमंत्री मात्र कधीं केलें नाहीं.

ह्याच वर्षांत त्यांनीं कांहीं संस्था काढिल्या. श्रम साधना ट्रस्टच्या वतीनें नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठीं मुंबईस व दिल्लीस वसतिगृहें झालीं. जळगांवाजवळ बांभोरी येथें इंजिनियरिंग कॉलेज निघालें. अंधांसाठीं उद्योगशाळा झाली. परंतु अभ्यास करावयाचा तर जमेबरोबर खर्चाची बाजूही वाचली पाहिजे. स्त्रियांसाठीं त्यांच्या नांवानें निघालेल्या जळगांवच्या प्रतिभा महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनें २००३ सालीं रद्द केला. बँकेनें दिलेल्या कर्जांविषयीं, त्यांत नातलगांस दिलेल्या कर्जांविषयींही, आरोप झाले, आणि २००७ च्या निवडणुकींत विरोधकांनीं ते पुन्हां पुढें आणले. त्यांच्या बाजूच्या लोकांनीं ते नाकारले. गांवोगांव पतपेढ्या चालविणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस ह्या हकीकतीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. गरीब बाईनें अंगठा उमटवून ठेवलेला रुपया हा पुढाऱ्याच्या नांवावर विश्वासून ठेवलेला असतो.

१९८५ सालीं त्या राज्यसभेवर गेल्या व १९८६ ते १९८८ तिच्या उपसभापति होत्या. १९९१ सालीं सासरच्या अमरावतींतून लोकसभेवर निवडून आल्या. १९९६ नंतर त्या राजकारणांतून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. आठ वर्षांनीं, ८ नोव्हेंबर २००४ रोजीं, राजस्थानच्या राज्यपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि येथें चरित्राचा तो भाग येतो जो आमच्या वाचकांस विशेष जवळचा आहे.

राजस्थानांत त्या वेळीं एक नवलाचा योग होता. मुख्यमंत्री वसुंधरा राजे, विधानसभेच्या अध्यक्षा सुमित्रा सिंह, आणि राज्यपाल प्रतिभाताई: तिन्ही मोठ्या जागांवर स्त्रिया, आणि त्याही अशा प्रांतांत कीं जेथें खेड्यांतील सुना अद्याप हातभर पदर ओढून चालत. एप्रिल २००६ मध्यें तेथील विधानसभेनें धर्मस्वातंत्र्याचें विधेयक मंजूर केलें. नांव स्वातंत्र्याचें, आंत मात्र बळजबरीनें, लालूच दाखवून किंवा फसवून केलेल्या धर्मांतरास दोन ते पांच वर्षें कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. बळजबरी व फसवणूक ह्यांचें समर्थन कोणीच करणार नाहीं. परंतु लालूच म्हणजे काय? दवाखान्यांतील फुकट औषध लालूच होते काय? वसतिगृहांत मुलास दिलेली जागा, दुष्काळांत दिलेलें धान्य, ह्यांस काय म्हणावें? आणि हें ठरविणार कोण. न्यायाधीश, कीं गांवचा शिपाई? खरा वाद ह्या एका शब्दापाशीं होता.

विधानसभेनें संमत केलेल्या विधेयकास राज्यपालाची सही लागते. राज्यघटनेच्या २०० व्या कलमाप्रमाणें राज्यपालापुढें मार्ग थोडे आहेत. त्यानें सही करावी; संमति राखून ठेवावी; पुनर्विचारासाठीं परत धाडावें; अथवा राष्ट्रपतीच्या विचारार्थ राखून ठेवावें. मे २००६ मध्यें प्रतिभाताईंनीं तें विधेयक सही न करितां परत पाठविलें. त्यांतील कांहीं कलमांमुळें धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कास प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष बाध येतो, असें त्यांचें म्हणणें होतें. सरकारनें तें पुन्हां त्यांच्याकडे धाडलें. तेव्हां जून २००७ मध्यें, राज्यपालपद सोडण्याच्या सुमारास, त्यांनीं तें राष्ट्रपतींकडे पाठवून दिलें.

त्यांस केंद्रांतील काँग्रेसच्या सरकारनें नेमलें होतें व विधेयक भारतीय जनता पक्षाच्या सरकारचें होतें. तेव्हां ही केवळ पक्षाची बाजू राखली, असें कोणी म्हणेल. पक्षाचा विचार त्यांच्या मनांत अगदींच नव्हता, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जळगांवच्या कोर्टांत वकिली केलेल्या मनुष्यास एका सैल शब्दापायीं कोणकोण तुरुंगांत जाऊं शकतो हें ठाऊक असतें, आणि परत पाठवितांना त्यांनीं बोट ठेविलें तें कायद्यावर. एवढें आम्हांस पुरेसें वाटतें.

राष्ट्रपतिपदाची निवडणूक १९ जुलै २००७ रोजीं झाली. ह्या निवडणुकींत तुम्हीं आम्हीं मत देत नाहीं. आपण निवडलेले आमदार व खासदार देतात, आणि प्रत्येक आमदाराच्या मताची किंमत त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवर ठरते. १९७१ च्या खानेसुमारीप्रमाणें महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारें ५ कोटि ४ लाख. तिला २८८ आमदारांनीं भागून आलेल्या संख्येस पुन्हां १००० नें भागिलें कीं १७५ येतात. म्हणून मुक्ताईनगरच्या आमदाराचें एक मत १७५ धरलें जातें, सिक्कीमच्या आमदाराचें ७, आणि उत्तर प्रदेशच्या आमदाराचें २०८. खासदाराचें मत त्या वर्षीं ७०८ होतें. शाळेंतील मोठ्या मुलांस हा हिशेब पाटीवर करावयास द्यावा.

प्रथम दुसऱ्यांचीं नांवें पुढें होतीं. त्यांवर एकमत होईना, म्हणून १४ जून २००७ रोजीं प्रतिभाताईंचें नांव जाहीर झालें. म्हणजे सर्वांस चालणारें नांव म्हणून त्या निवडल्या गेल्या, हें खरें. त्यांच्या विरुद्ध उभे होते उपराष्ट्रपति भैरोंसिंह शेखावत. तेही राजस्थानांतील खाचरियावास ह्या खेड्यांत जन्मलेले, आणि गंमत अशी कीं, आडनांवानें प्रतिभाताईंच्या सासरचेच! शिवसेना ही शेखावतांस पाठिंबा देणाऱ्या आघाडींतील असून तिनें मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंस मतें दिलीं. निकालांत प्रतिभाताईंस ६,३८,११६ व शेखावतांस ३,३१,३०६ मतें पडलीं. मग स्त्रीस 'राष्ट्रपति' कसें म्हणावें, अशी चर्चा वर्तमानपत्रांत चालली. पति म्हणजे धनी, स्वामी. शब्द होता तसाच राहिला.

अमेरिकेचा अध्यक्ष स्वतः राज्य चालवितो. आपला राष्ट्रपति मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालतो. सल्ला पुनर्विचारासाठीं एकदां परत पाठवितां येतो, दुसऱ्यानें तोच आला तर मानावा लागतो. त्यामुळें पांच वर्षांच्या ह्या कारकीर्दीविषयीं लिहिण्यासारखें थोडें आहे. २५ नोव्हेंबर २००९ रोजीं, वयाच्या ७४ व्या वर्षीं, पुण्याहून त्यांनीं सुखोई लढाऊ विमानांतून उड्डाण केलें. त्यांच्या परदेशप्रवासांवर २०५ कोटि रुपये खर्च झाला म्हणून टीका झाली. निवृत्तीनंतरच्या घरासाठीं पुण्याजवळ खडकी येथें सैन्याची जमीन घेतल्यावरूनही गवगवा झाला, तेव्हां एप्रिल २०१२ मध्यें तें घर त्यांनीं नाकारलें. दोन्ही टीका रास्त होत्या, असें आम्हांस वाटतें.

दयेच्या अर्जांविषयीं मात्र थोडें थांबलें पाहिजे. राज्यघटनेच्या ७२ व्या कलमानें फांशीची शिक्षा कमी करण्याचा अधिकार राष्ट्रपतीस आहे. प्रतिभाताईंनीं ३५ जणांची फांशी जन्मठेपेवर आणली. त्यांत अतिशय क्रूर गुन्ह्यांचे अपराधीही होते, आणि मेलेल्यांच्या घरच्यांनीं हें कसें सोसावें, असें लोक विचारूं लागले. हे निर्णय गृहखात्याच्या सल्ल्यानें होतात. त्या सल्ल्याचें एक उदाहरण असें: ज्या कैद्यांस जून २०१२ मध्यें जीवदान मिळालें त्यांपैकीं एक कर्नाटकाच्या तुरुंगांत ऑक्टोबर २००७ मध्येंच मरण पावला होता, आणि दिल्लीच्या कागदांत तो जिवंतच होता. राजस्थानांत ज्या हातानें कागद अडविला, त्याच हातापुढें येथें असा कागद सहीसाठीं आला. राजवाड्यांतील लेखणीस आपले डोळे नसतात. खालून जें लिहून येईल तेंच ती पाहते.

२५ जुलै २०१२ रोजीं प्रणव मुखर्जी ह्यांच्या हातीं पद देऊन प्रतिभाताई निवृत्त झाल्या व पुण्यास राहावयास गेल्या. राजस्थान विधानसभेनें २००८ सालीं तशाच धर्तीचें दुसरें विधेयक मंजूर केलें होतें; तें दिल्लीस गेलें, पण त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें तेथील विधानसभेनें पूर्वींपेक्षां कडक शिक्षांचें नवें विधेयक संमत केलें. मध्यंतरीं, २५ जुलै २०२२ रोजीं, त्या पदावर दुसरी स्त्री बसली: ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यांतील उपरबेडा गांवीं संताळ घरांत जन्मलेल्या द्रौपदी मुर्मू. झारखंडच्या राज्यपाल असतांना त्यांनींही २०१७ सालीं आदिवासींच्या जमिनीचे कायदे बदलणारीं विधेयकें सही न करितां परत पाठविलीं होतीं. त्याच वर्षीं तेथील धर्मस्वातंत्र्याच्या विधेयकावर मात्र त्यांनीं सही केली.